खांबावरचा दिवा

माझी वहिनी दिवसा माणसांच्या हाडांचे फोटो काढते आणि रात्री आकाशाचे. रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात दिवसभर ती लोकांना "हलू नका, श्वास रोखून धरा" असं सांगते आणि घरी आली की तेच आम्हाला सांगते. परसात दुर्बीण मांडलेली असली की स्वयंपाकघरात दिवा लावायचा नाही, पाय आपटत चालायचं नाही, मागच्या पायरीकडे फिरकायचं नाही. दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा रात्रभर आपला आपण फोटो काढतो आणि ते स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवर साठत जातात. त्यासाठी मागच्या दारातून वायर बाहेर नेलेली असते. अशा रात्री त्या दाराला कडी लागत नाही, ते नुसतं ओढून घ्यायचं.

मी तिची नणंद. टोमणे मारणं हा माझा हक्क आहे आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही. दुर्बिणीला मी 'बाळ' म्हणते, कारण दव धरू नये म्हणून वहिनी तिच्या तोंडाला गरम पट्टा गुंडाळते आणि वर जुना टॉवेल बांधते. दादा तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या वाट्याला एवढं आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ती एका दीर्घिकेच्या मागे लागली होती. दर निरभ्र रात्री तीच दीर्घिका, तोच फोटो. मी एकदा विचारलं, "काल काढलास तो काय वाईट होता?" तर म्हणाली, "एका फोटोत काहीच नसतं गं. शेकडो काढायचे आणि एकावर एक रचायचे. जे खरं असतं ते दर फोटोत असतं, ते उजळत जातं. विमान गेलं, कुणी टॉर्च मारला, असं जे एखाद्याच फोटोत येतं ते प्रोग्रॅम आपोआप बाजूला टाकतो." मी म्हटलं, माणसांसाठीही असा प्रोग्रॅम मिळाला तर मला एक आण.

तिचा एकच शत्रू होता, मागच्या गल्लीतला खांबावरचा दिवा. आमच्या कुंपणापलीकडेच तो रात्रभर जळायचा आणि तिच्या प्रत्येक फोटोवर पिवळट साय धरायची. दादाला मात्र त्याचा फायदा होता. पहाटेच्या पाळीला जाताना स्वयंपाकघरात दिवा लावायची बंदी, म्हणून तो खिडकीतून येणाऱ्या त्याच उजेडात चहा करून घ्यायचा.

आणि अण्णा. अण्णा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर वीज कंपनीत लाइनमन होते. त्यांना विसर पडायला लागला तेव्हापासून मी दादाकडेच राहायला आले. जेवलो की नाही हे त्यांना आठवायचं नाही, माझं नाव तर कधीच गेलं होतं, पण घरात काही बिघडलंय असं कानावर पडलं की ते उठायचेच. एकदा मी सहज म्हटलं की मोरीतला नळ गळतोय. तासाभरात नळ हातात आणि पाणी दिवाणखान्यात. ते एकटे बाहेर पडू नयेत म्हणून मी पुढच्या दाराला घंटी बांधली होती. मागच्या दाराची काळजी कुणी केली नाही, कारण मागे उंच पायरी होती आणि गुडघ्यांमुळे अण्णा ती कित्येक महिन्यांत उतरले नव्हते.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी वैतागली होती. "एक रात्र, फक्त एक रात्र तो मेला दिवा बंद पडला ना, तर माझं चित्र पूर्ण होईल." मी म्हटलं, गलोल आणून देऊ का? सगळे हसलो. अण्णा खाली मान घालून जेवत होते.

सकाळी त्यांच्या खोलीत गेले तर अंथरूण रिकामं. मोरीत नाहीत, दिवाणखान्यात नाहीत. पुढच्या दाराची घंटी चपलांच्या कपाटावर पडलेली. आमची झोपमोड नको म्हणून दादा पहाटे घंटी काढून ठेवतो आणि बाहेर पडताना परत अडकवतो. आज विसरला होता. मी त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो रडवेला झाला. "दार ओढलं गं मी, पण लागलं की नाही ते बघितलं नाही. आज डोकंच ठिकाणावर नव्हतं. इतका अंधार होता की चहात साखरेऐवजी मीठ घातलं."

शेजारचे शिंपीकाका स्कूटर काढून बसथांब्याकडे गेले. मी हमरस्त्यावर धावत सुटले. बोलताना तोंडातून वाफ निघावी अशी थंडी, आणि अण्णांचा स्वेटर खुर्चीवर तसाच. भाजीवाला, शाळेचा पहारेकरी, चौकातला पोलीस, सगळ्यांना विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. ट्रक जोरात जात होते आणि प्रत्येक ट्रक मागे काहीतरी टाकून गेला असेल असं वाटून मी तिकडे बघत होते.

धापा टाकत घरी आले तर वहिनी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसलेली, आणि पडद्यावर तारे.

माझं डोकंच फिरलं. "घरातला माणूस नाहीसा झालाय आणि तू फोटो बघतेस? लाज वाटते का काही?"

"थांब," ती म्हणाली. मान वर न करता. "हे पाळीसाठी उठायच्या कितीतरी आधी कुणीतरी इथला दिवा लावलाय."

प्रोग्रॅमने बाजूला टाकलेले फोटो ती एकेक करून उघडत होती. एक फोटो पांढुरका, दूध सांडल्यासारखा. "हा आपल्या खिडकीतला उजेड. आणि हा पुढचा बघ." पुढच्या फोटोत एकही तारा ठिपका नव्हता. सगळ्यांच्या वाकड्या रेघा झाल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.

"कुणाचा तरी पाय स्टँडला लागलाय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता. "अण्णा पुढून गेलेच नाहीत. मागून गेलेत. माझ्या वायरीमुळे दार उघडं होतं ना."

मी मागचं दार उघडून बाहेर डोकावले. अण्णांनी ते शहाण्या माणसासारखं ओढून घेतलं होतं. कुंपणाचं फाटक मात्र सताड उघडं. "पण मागे जायचं कशाला? तिथे आहे काय?"

वहिनी पुढे पुढे जात राहिली. पाय लागल्यावर दुर्बीण सरकली होती, त्यामुळे दीर्घिका कोपऱ्यात जाऊन अर्धी कापली गेली होती. मागे तीच रोजची पिवळट साय. पुढचा फोटो तसाच. त्यापुढचाही तसाच. आणि मग एकदम काळा. काळा म्हणजे आंधळा नव्हे. तारेच तारे, आधीच्या सगळ्या फोटोंत मिळून दिसले नसतील इतके.

"असं आकाश मला इथून कधीच मिळालेलं नाही," ती म्हणाली. मग तिने तोंडावर हात ठेवला. "दिवा बंद झाला. काल मी जेवताना म्हणाले होते."

तेव्हा माझ्या डोक्यात दादाच्या चहातलं मीठ आलं.

"खांबावर चढले असतील?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना चढायची गरज नाही." लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरून मला एवढं ठाऊक होतं. रस्त्यावरच्या दिव्यांच्या फ्यूजची खाली लोखंडी पेटी असते, आणि आमच्या गल्लीची पेटी पार टोकाला, पंपघराशी होती. अण्णांचा एक सोबती अशाच पेटीपाशी शॉक लागून गेला होता. ओला हात, एक क्षण, बस्स. ती गोष्ट अण्णांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की मला त्या माणसाच्या बुटांचा रंगसुद्धा पाठ होता.

आम्ही दोघी धावलो. वहिनी घरातल्या सपातांवर होती, एक वाटेतच निसटली. गवत दवाने भिजलं होतं. दव बघून मला पुन्हा ओले हात आठवले आणि माझे पायच उचलेनात. वहिनीने माझा दंड धरला आणि अक्षरशः ओढत नेलं.

पेटीचं झाकण उघडं होतं. खाली कुणीच नव्हतं. वहिनी वळसा घालून पंपघराच्या मागे गेली आणि तिथून ओरडली.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. अनवाणी, ओठ निळे. मी त्यांचा हात हातात घेतला, तो फरशीसारखा गार. मुठीत चिनी मातीचा फ्यूज घट्ट धरलेला. काढलेला फ्यूज खिशात किंवा हातात ठेवायचा, म्हणजे आपण काम करत असताना दुसरा कुणी तो परत लावत नाही, हे त्यांनी नोकरीभर पाळलं होतं. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं नाही. वहिनीकडे बघून थरथरत म्हणाले, "सूनबाई, झाला का गं काळोख? की अजून एक काढू?"

वहिनी त्यांच्या पायाशी बसली. तिने अंगातला स्वेटर काढून त्यांना घातला आणि त्यांच्या गार पावलांना हातांनी चोळत "झाला अण्णा, झाला" एवढंच म्हणत राहिली.

थंडी त्यांच्या छातीत बसली होती. रुग्णालयात त्यांच्या छातीचा एक्स-रे वहिनीनेच काढला. "श्वास रोखून धरा" म्हणताना तिचा आवाज फाटला, असं तिथल्या नर्सने मला सांगितलं. अण्णा बरे होऊन घरी आले. दोन्ही दारांना आता घंट्या आहेत, आणि वायर जाण्यासाठी दादाने भिंतीला भोक पाडून दिलंय. दुर्बीण विकते म्हणून वहिनी हटून बसली होती, मीच विकू दिली नाही. मला टोमणे मारायला दुसरं काय उरलं असतं?

पण माझी झोप गेली ती गेलीच. आमच्या घरात आता कुणी अण्णांसमोर कशाचीही तक्रार करत नाही. पंखा वाजतो, आम्ही गप्प. दार कुरकुरतं, आम्ही गप्प. गॅस नीट पेटत नाही तर दादा मला बाहेर नेऊन कानात सांगतो.

परवा जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "सूनबाई, तो दिवा अजून त्रास देतो का गं?"

खांबावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून सरळ आमच्या ताटांत पडला होता. मी आणि दादा एकमेकांकडे बघायलाही धजलो नाही.

"कुठला दिवा, अण्णा?" वहिनी म्हणाली. "बाहेर किर्र काळोख आहे. तुम्ही जेवा."

अण्णांनी उजेडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावून ते जेवू लागले. वहिनीने उठून हळूच पडदा ओढून घेतला.