मुठीचा वेग मोजणारा माणूस

मी आयुष्यात कुणालाही ठोसा मारलेला नाही. लहानपणी दोनदा मार खाल्ला, तोही उभ्या उभ्या. पण आजवरचा सर्वांत वेगवान बॉक्सर कोण, या विषयावर मी कुणालाही तासभर धरून ठेवू शकतो. आमच्या मल्लेश्वरममधले लोक मला लांबून ओळखतात आणि रस्ता ओलांडतात, त्याचं हे एक कारण आहे.

माझी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत झाली. फुटणाऱ्या आणि उडणाऱ्या वस्तूंची अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रं घ्यायची, हे काम. निवृत्तीनंतर घरात फुटण्यासारखं फक्त काचेचं सामान होतं आणि ते शुभदाच्या, म्हणजे बायकोच्या ताब्यात होतं. मग मी बॉक्सिंगच्या चित्रफितींकडे वळलो. एकेक चित्र पुढे सरकवत मूठ कुठून निघाली, कुठे पोचली, हे मोजायचं.

या कामात मला विरोधक मिळाला तो हयवदन. प्रयोगशाळेतला जुना सहकारी, बोलायला मृदू, ऐकायला अशक्य. आम्ही अर्ध्या कन्नडमध्ये आणि अर्ध्या इंग्रजीत भांडतो. इथे सोयीसाठी मराठीत देतो.

"अलीच," तो म्हणायचा. "एवढा धिप्पाड माणूस असा हलतो, यापुढे बोलायचं काय?"

"पण पॅकियाओ बघ. आठ वजनगटांत जगज्जेता. वजन वाढवत गेला तरी हात तसेच."

"लहान माणूस चपळ असतोच. डासही असतो. डासाला तू वेगवान बॉक्सर म्हणशील का?"

म्हणून मी वजन आणि हाताची लांबी धरून एक सूत्र बसवलं, म्हणजे सगळ्या गटांची तुलना न्याय्य होईल. अलीच्या जुन्या फितींत सेकंदाला जेमतेम चोवीस चित्रं. मूठ एका चित्रात निघते, पुढच्या एक-दोन चित्रांत पोचलेली असते, मधे सगळं धूसर. त्या धुसरातून मी आकडे काढले. हयवदनने ते पाहून विचारलं, "यात तुझं मत किती आणि माप किती?" मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. त्याला ते बहुधा पाचव्या दिवशी कळलं.

आमचं हे भांडण सँकी तलावाच्या बाकावर चालायचं. तिथे सकाळी मुलांना पळवायला येणारा मंजुनाथ नावाचा बॉक्सिंग प्रशिक्षक एकदा थांबून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, स्वल्प मदत हवी होती. रविवारी बनशंकरीला आमच्या स्पर्धा आहेत आणि टाइमकीपर गावी गेलाय. तुम्ही वेळेतलेच माणूस."

वेळेतला माणूस. मी हे घरी जाऊन शुभदाला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला आंघोळीला चला म्हटल्यावर किती वेळ लागतो, ते त्यांना सांगितलंत का?"

रविवारी मी कोट घालून मेट्रोने गेलो. कोट घातलेला मी एकटाच होतो. रिंगणाशेजारी टेबल, त्यावर पितळी घंटा, छोटी हातोडी आणि स्टॉपवॉच. दोन मिनिटांची फेरी. संपत आली की टेबलावर टकटक करायची, संपली की घंटा. एवढंच काम. दुपारपर्यंत मी ते इतक्या गंभीरपणे केलं की एका मुलाच्या वडिलांनी मला प्रमुख पाहुणा समजून नमस्कार केला. मी तो स्वीकारला.

मग सर्वांत हलक्या गटातल्या दोन मुली आल्या. एक बोम्मसंद्राच्या क्लबची आणि दुसरी मंजुनाथकडे शिकणारी निधी, नागपूरहून इथे आलेल्या एका आयटीवाल्या घरातली. दुसऱ्या फेरीत निधीने डावा हात असा टाकला की तो जाताना मला दिसलाच नाही, परतताना दिसला. पुन्हा टाकला. पुन्हा नाही दिसला. माझ्या डोक्यात सूत्र फिरायला लागलं. हिचं वजन, हाताची लांबी, अली, पॅकियाओ. मी खिशातून फोन काढला आणि नजर रिंगणावरच ठेवून, स्लो मोशन लावून धरला.

मागच्या रांगेतून, माझं काम बघायला आलेल्या हयवदनचा आवाज आला. "उमाकांत, घंटा."

"थांब रे, आत्ताच नीट दिसायला लागलंय," मी म्हणालो.

"उमाकांत. घंटा वाजव."

निधीचे हात तोवर खाली यायला लागले होते. बोम्मसंद्राच्या मुलीने एक साधा, बऱ्यापैकी संथ ठोसा मारला आणि निधी मटकन खाली बसली. मी स्टॉपवॉचकडे पाहिलं. फेरी कधीच संपलेली होती. मी घंटेवर हातोडी अशी हाणली की ती हातातून निसटून पंचांच्या पायाशी गेली.

पंचांनी येऊन वेळ विचारली. मी खरी सांगितली. ऐकून सभागृहात कुणीतरी हसलं. वाढीव वेळातलं काही मोजायचं नाही असं ठरलं, निधीला जास्त विश्रांती दिली. पण शेवटच्या फेरीत तिचे हात उठेनात. ती हरली. मंजुनाथने "सरी सर, ठीक आहे, तुम्ही थोडं जेवून घ्या," म्हणत माझ्यापुढचं स्टॉपवॉच अलगद उचललं.

मी निधीसमोर जाऊन उभा राहिलो. तिची आई माझ्याकडे पाहत नव्हती.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तू फार वेगवान आहेस, त्यामुळे मी—"

"काका, दम कमी पडतो माझा. ते आज कळलं." तिने हातावरची पट्टी सोडत विचारलं, "तुम्ही व्हिडिओ काढत होतात ना? पाठवाल? हात खाली कधी येतो ते बघायचंय."

मी तिथेच फोन उघडला. कॅमेरा माझ्याकडे तोंड करून चालला होता. संथ गतीत माझं स्वतःचं तोंड हळूहळू उघडत होतं. निधी इतकी हसली की तिच्या आईलाही बघावं लागलं, आणि मग तीही हसली. मला आयुष्यात प्रथमच वाटलं की माझ्या चित्रणाचा कुणाला उपयोग झाला.

आता शनिवारी मी खरा कॅमेरा तिवईवर लावून मंजुनाथच्या मुलांचा सराव टिपतो. घंटेजवळ मला बसू देत नाहीत. निधीचा डावा हात परतताना किंचित खाली राहतो, हे मात्र मी शोधून दिलं.

गेल्या शनिवारी तिने हातात पॅड घेतले आणि म्हणाली, "काका, एकदा तुम्ही मारून बघा."

मी श्वास घेतला, पाय रोवले, तिने शिकवल्याप्रमाणे खांदा फिरवला आणि मारला.

ती पॅड धरून तशीच उभी. "मारा ना, काका."

"मारला," मी म्हणालो.