तिला सांग, दार उघड

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, दृष्टांत, कौल यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. या फोरमवरचे अनुभव मी वाचते, पण गालातल्या गालात हसत. तुम्हीही माझा अनुभव वाचून हसलात तर मला राग येणार नाही.

मी तेव्हा एका वकिलांकडे स्टेनो होते. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये आपलं डोकं घालायचं नाही, हे माझं काम. घरीही तेच काम होतं, फक्त बिनपगारी... ते कसं, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साल सत्त्याण्णव. नाशिकला सिडकोत तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. घरात मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना सगळे दादा म्हणत, सासूबाईंना आई. या दोघांचा सात वर्षं अबोला होता — म्हणजे मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून! कारण काय, तर नणंदेच्या लग्नात व्याह्यांसमोर दादा आईंवर ओरडले होते, "तुला काय कळतं? तू गप्प बस!" आई म्हणाल्या, "बरं." आणि ज्या गप्प बसल्या त्या बसल्याच. दादाही हट्टी, तेही बोलेनात.

तसं भांडण नव्हतं हो. आई त्यांचा डबा वेळेवर भरायच्या, आईंच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत दादा नवीन आणायचे. फक्त एकमेकांशी बोलायचं नाही. मग बोलायचं कुणाशी? माझ्याशी! आई समोर बसलेल्या असताना दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणणार, "वैशाली, तिला सांग, चहात साखर जास्त झालीये." आई म्हणणार, "त्यांना म्हणावं, उद्यापासून स्वतः करून घ्या." आणि मी दोन्ही निरोप पोचवायचे. सुरुवातीला हसू यायचं, मग चीड यायची, पुढे काहीच येईनासं झालं. 'तिला सांग' कानावर पडलं की हातातलं काम न थांबवता तोंडातून निरोप निघायचा. मान वर करून बघायचीसुद्धा गरज नसायची.

दादा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. त्या दिवशी रंगपंचमी होती, म्हणजे सुट्टी. आमच्या नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. मिस्टर सकाळीच मित्रांबरोबर गावात गेले होते, ते रंगून परत यायचे ते संध्याकाळी.

साडेअकराच्या सुमारास मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत आई मेथी निवडत बसल्या होत्या. गल्लीत पोरांचा नुसता दंगा चालला होता. आणि बाहेरच्या खोलीतून दादांचा आवाज आला, "वैशाली, तिला सांग, दार उघड."

नेहमीचा, थोडा वैतागलेला आवाज. कुणीतरी आलं असेल, असं समजून मी लाटता लाटताच म्हटलं, "आई, दार उघडा म्हणतायत."

"पोरं रंग टाकतील गं," असं पुटपुटत आईंनी दार उघडलं. मग लावलं. "कुणी नाहीये."

मी दोन पोळ्या केल्या असतील. पुन्हा तेच. "वैशाली, तिला सांग, दार उघड."

"आई, उघडा ना! दादा म्हणतायत."

दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. मग आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मेथीची जुडी तशीच.

"कोण म्हणतंय?"

"दादा."

"ते घरात कुठे आहेत? सकाळीच कामाची पिशवी घेऊन गेले. तू अंघोळीला होतीस."

हे खरं होतं. निरोप द्यायला मी समोर नव्हते, म्हणून दादा कुठे जातोय ते न सांगताच निघून गेले होते. आणि आईंनी अर्थातच विचारलं नव्हतं. सुट्टी म्हणून ते घरातच असणार, असं मी धरून चालले होते.

मी गॅस बंद केला. मी आईंकडे बघत होते, आई माझ्याकडे, आणि तिसऱ्यांदा तो आवाज आला. या वेळी हळू. दात वाजत असताना माणूस बोलतो तसा.

"तिला सांग... दार उघड."

"आत्ता ऐकलंत?" मी जवळजवळ ओरडले.

आईंनी मान हलवली. "मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांग, काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्यांच्या हातातली मेथी खाली पडली. म्हणाल्या, "आठ दिवसांपूर्वी त्यांनी तुझ्याकडूनच निरोप दिला होता ना... कोल्ड स्टोरेजच्या मोठ्या दाराची आतली कडी मोडलीये, मालकाला सांगून दमलो म्हणून?"

दिला होता. मी पोचवला होता आणि विसरले होते.

समोर आहेरवहिनींकडे फोन होता. आई अनवाणी धावल्या, मागोमाग मी. वाटेत एका पोरानं त्यांच्यावर बादली रिकामी केली, त्यांनी पदरसुद्धा झटकला नाही. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मग वहिनींना आठवलं, दादांना उशीर होणार असला की ते कोल्ड स्टोरेजसमोरच्या एसटीडी बूथवरून वहिनींकडे निरोप ठेवायचे. तो नंबर त्यांच्या डायरीत होता.

बूथवाल्यानं उचलला. मी दादांची सून बोलतेय म्हटलं, समोर कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी आहे का विचारलं. "आज कोन बी नाय तिथं, ताई. समदे रंग खेळाया गेले."

मी अडखळायला लागले. काय सांगणार होते? मला घरबसल्या आवाज आला म्हणून? आईंनी रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला.

"अरे बाबा, माझा माणूस आत अडकलाय! पळ, मोठं दार उघड!"

"दादा व्हय? सकाळी दिसले व्हते खरं... थांबा, बघून येतो."

त्यानं रिसीव्हर तसाच ठेवला. आम्हाला हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते, बाकी काही नाही. आईंच्या तोंडावरून गुलाबी पाणी ओघळत होतं. वहिनींच्या घड्याळाकडे बघवत नव्हतं, तरी मी बघत होते. एकदा वाटलं, तो येणारच नाही. मग धापा टाकणारा आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"मावशी, हायेत! जित्ते हायेत! लय गार पडलेत, बोलता येईना. पोराला डॉक्टरकडं धाडलंय."

आई फोनजवळच जमिनीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या दाराकडे कुणी फिरकणार नव्हतं.

संध्याकाळी मालकांच्या जीपमधून दादांना घरी आणलं. दोन ब्लँकेटं, वर शाल. टेंपरेचर बघायला दोन मिनिटांसाठी म्हणून नुसत्या शर्टावर आत गेले आणि मागे दार बसलं, एवढं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मी विचारलं, "हाका मारल्या होत्या का?"

"पंख्यांचा आवाज केवढा असतो आत. हाका मारून काय उपयोग? क्रेटला टेकून बसलो. पुढचं काही आठवत नाही."

थोड्या वेळानं आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाणी गरम करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सात वर्षं या घरात मी त्यांचा आवाज ऐकतेय. मग आजच मला का नाही आला?" त्यांना रडू आवरत नव्हतं. मग म्हणाल्या, "खरं सांग. 'तिला' म्हणाले, की माझं नाव घेतलं?"

मी म्हटलं, "नाव घेतलं. 'सुमनला सांग' म्हणाले."

पाणी उकळायला लागलं तसा त्यांनी गॅस बंद केला. मग पेला भरून स्वतः बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "गरम आहे, हळू प्या." दादांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मग त्यांनी आईंकडे बघितलं आणि पेला घेतला.

त्यानंतर दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलले. भांडलेसुद्धा, आणि चांगले मोठ्यानं भांडले.

आता तुम्ही म्हणाल, कडीचं तुझ्या डोक्यात राहिलं असेल, त्याचाच हा खेळ. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण दादा बाहेर गेलेत हेच मला माहीत नव्हतं, मग काळजी कसली करणार? आणि तीनदा? आणि तो शेवटचा, दात वाजणारा आवाज? मला उत्तर मिळालेलं नाही. आवाज माझ्याकडे का आला, आईंकडे का नाही, हेही कळलेलं नाही. आई अगदी शेवटच्या आजारपणातही मला विचारायच्या, "कसं म्हणाले होते गं ते?" आणि मी प्रत्येक वेळी तेच सांगायचे, "सुमनला सांग."

दादांनी नाव घेतलं नव्हतं. तिन्ही वेळा 'तिला'च म्हणाले होते.