मऊ रबर

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी फरश्या मोजतो. लांबी-रुंदी नाही, निसरडेपणा. लोखंडी तिपाईवर एक लोंबता दांडा असतो, त्याच्या टोकाला रबराचा तुकडा. दांडा वरून सोडला की रबर फरशीला घासत जातं आणि दांड्याबरोबर एक काटा सरकतो. फरशीनं रबर धरलं तर काटा लवकर थांबतो, नाही धरलं तर लांब जातो. काटा लांब गेला की समजायचं, इथं माणूस पडेल. पेटीत दोन रबरं असतात. कडक रबर बुटासाठी, मऊ रबर अनवाणी पायासाठी. यातलं कोणतं लावायचं हे मोजणाऱ्यानं ठरवायचं असतं.

त्या दुष्काळात आष्टी तालुक्यातल्या एका दूध संस्थेनं मला बोलावलं. कुणी पडलंबिडलं म्हणून नव्हे. दूध नेणाऱ्या संघानं अट घातली होती की संकलनाच्या खोलीची फरशी तपासून घ्या, नाहीतर गाडी पाठवणार नाही. गोठे रिकामे होते. जनावरं चारा छावणीत आणि त्यांच्यामागं घरची माणसंही तिथंच. शेतात काही उरलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ छावणीत जे दूध निघायचं त्यावर गाव चाललं होतं. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, आणि त्यातलं संस्थेला मिळणारं पाणी कॅन धुण्यातच संपायचं. फरशीच्या वाट्याला यायचं ते कॅनचं धुवण. ते ओशट पाणी खराट्यानं पुढं ढकललं की फरशी धुतली असं म्हणायचं. त्या पांढऱ्या गुळगुळीत फरशीवरून बोट फिरवलं तर बोटाला सायीचा थर लागायचा.

आत भिंतीवर पाटी होती, बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही. पाटीखाली गमबूट होते, अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत. आणि दाराबाहेर चपलांची रांग.

कॅन रिकामे करणाऱ्या गड्याला सगळे मामा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. पन्नाशी ओलांडलेला किडकिडीत माणूस, पण भरलेला कॅन मांडीवर घेऊन एका हिसक्यात टाकीच्या तोंडाला लावायचा. बूट का घालत नाही, मी त्यांना विचारलं.

"दुधात पायताण घालून कसं जावं, साहेब? लक्षुमी हाय ती," ते म्हणाले. मग माझ्या पायांकडं बघून हसले. "तुमी बी काढलेच की."

मी खाली पाहिलं. माझे बूट बाहेर त्या रांगेतच होते. कधी काढले ते मला आठवेना. लहानपणी आईनं दुधाच्या भांड्याजवळ चप्पल घालून कधी जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळं पायांनी आपोआपच ते केलं होतं.

मी तिपाई मांडली तशी माणसं जमली. हा पाळणा कुणाच्या बारशाचा, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "आमी रोजच मोजतो की फरशी. बुडानं." सगळे हसले, मीही हसलो.

संस्थेचे सचिव मात्र हसले नाहीत. फरशी नापास झाली तर काय, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी खरं ते सांगितलं. खडबडीत फरशी होईपर्यंत या खोलीतलं काम बंद ठेवावं लागेल. ते म्हणाले, "मंग तवर गावानं काय खावं, ते बी मोजून सांगा."

नियम साधा आहे. कामावर पायात जे असतं, त्याचं रबर लावायचं. पाटी बुटाचं सांगत होती आणि बाहेरची रांग अनवाणी पायाचं. मी गुडघे टेकून बसलो होतो, माझ्या उघड्या तळव्यांना तो ओशटपणा लागत होता, आणि मी पेटीतून कडक रबर काढलं. काटा हद्दीच्या जेमतेम अलीकडं थांबला, म्हणजे फरशी पास. मऊ रबर मी लावून पाहिलं नाही. ते लावलं तर काय दिसेल याचा मला अंदाज होता, म्हणूनच लावलं नाही. मी गावाचा विचार केला, असं पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

निघताना सगळ्यांना बजावलं, "बूट घाला, म्हणजे पडणार नाही." मामांनी मान डोलावली आणि पुढचा कॅन उचलला. अनवाणीच.

पावसाळा कोरडा सरत आला असताना सचिवांचा फोन आला. मामा भरल्या कॅनसकट पडले होते. कॅन खुब्यावर आला. नगरच्या दवाखान्यात नेलं तोवर शुद्धीवर होते आणि सारखं एकच विचारत होते, दूध किती सांडलं. हे सगळं सांगून सचिव म्हणाले, "तुमच्या कागदात फरशी चांगलीच हाय. त्यांनी बूट घातले न्हाईत, त्याला आपन काय करावं?"

त्या 'आपण'मध्ये मीही होतो.

दुसऱ्याच दिवशी मी तिथं गेलो आणि मऊ रबर लावलं. दांडा फरशीला जेमतेम टेकून पलीकडं गेला, काटा पार टोकाला. मी फरशी नापास करून कागद सचिवांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचून खिशात घातला. त्याच आठवड्यात फरशी उखडून खरखरीत कोबा घातला. तेवढे दिवस दूध बाहेर ओट्यावर ताडपत्रीखाली घेतलं. गाडी रोज आली. एक वेळचंही संकलन चुकलं नाही. हे आधीही जमलं असतं. मी तोंड उघडलं असतं तर जमलं असतं.

मामांना घरी आणल्याचं कळल्यावर भेटायला गेलो. खाटेजवळ वॉकर उभा होता. मी काय केलं ते त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही रबरं काढून दाखवली. त्यांनी मऊ रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि परत दिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"यंत्र आनलंच हाय तर हितली बी मोजा," ते म्हणाले. "ह्या पडल्यापासून पाय टाकायचं भ्याव वाटतं."

मोजायला फरशी ओली लागते. मामींनी माठातून तांब्याभर पाणी आणलं. थोडंसं पुरे म्हणालो, तरी त्यांनी सगळं ओतलं. मी मऊ रबर लावलं. जुनी शहाबादी फरशी, खडबडीत. काटा लवकर थांबला.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"मंग पडनार न्हाई ना मी?"

त्यांचे दोन्ही अनवाणी पाय ओल्या फरशीच्या कडेला टेकलेले होते, हात वॉकरवर. आकडा माझ्यासमोर होता आणि तो खरा होता. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण 'पडणार नाही' असं मी त्यांना आधी एकदा सांगितलं होतं; मी दांडा पुन्हा वर अडकवू लागलो. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी वॉकरवरचे हात काढून घेतले आणि पाय उचलून खाटेवर घेतले.

मामींनी खाली बसून ते पाणी फडक्यानं टिपलं आणि बादलीत पिळून घेतलं.