हाव म्हणजे हो

“आधी इचारा, मंग दाबा.”

आमच्या नांदेडच्या कॉलेजात संगणक शिकलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवा, हे वाक्य तो मामांच्याच सुरात म्हणून दाखवील. मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. नको त्या बटणाकडे कुणाचं बोट गेलं की कोपऱ्यातून हा आवाज यायचा आणि बोट हवेतच थांबायचं. स्वतः मामा मात्र सकाळी मशीन सुरू करण्याआधी पडद्याला उलटा हात लावून बघायचे, लेकराचा ताप बघतात तसा.

“मामा, त्यानं काय कळतं?” मी एकदा विचारलं.

“काय बी न्हाई, सर. पन त्याला बरं वाटतं.”

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेलच. त्याच्या हुद्द्याचं नाव कुणाला सांगता येत नाही, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचं अडतं. आमचं तर कुलूपसुद्धा मामांशिवाय उघडायचं नाही, किल्ली एका विशिष्ट बाजूला दाबून फिरवावी लागायची.

रोज सकाळी अकराच्या ठोक्याला मामा खिडकीपाशी जाऊन फोन लावायचे. लोह्याजवळच्या खेड्यात त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. आई लवकर गेली, तेव्हा मामांना तिनेच वाढवलं होतं. मामा नांदेडला चला म्हणून मागे लागायचे, पण शेळ्या सोडून ती हलायला तयार नव्हती. तिला शुगरचा त्रास. एकदा विसरून तिने एकाच दिवशी गोळी दोनदा घेतली आणि चुलीपाशी चक्कर येऊन पडली. शेजारच्या किराणा दुकानदाराला कळलं म्हणून वाचली. तेव्हापासून मामा दर रविवारी गावी जाऊन सात खणांच्या डबीत सोमवार ते रविवारच्या गोळ्या भरून यायचे, आणि रोज अकराला विचारायचे.

“अक्का, गोळी घेतली का?”

पलीकडून “हाव!” असा आवाज यायचा. तो आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचा, कारण फोनवर मोठ्याने बोललं नाही तर लोह्याहून नांदेडला पोचणार नाही, असा अक्कांचा समज होता. एखाद्या दिवशी तासाच्या गडबडीत ते ‘हाव’ ऐकू आलं नाही, तर मुलंच विचारायची, “मामा, अक्का ठीक हायत ना?”

याच फोनवरून अंकिताला कल्पना सुचली. अंकिता आमची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, हुशार आणि घाईची. शनिवारी लातूरला एका कॉलेजात एक दिवसाची हॅकॅथॉन होती. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत प्रत्येक संघाने लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी चालतं करून दाखवायचं. अंकिताने ठरवलं, गोळीची आठवण करणारा फोन बनवायचा. मशीनच म्हाताऱ्या माणसांना फोन लावील, गोळी घेतली का विचारील आणि उत्तर लिहून ठेवील. चौघांचा संघ झाला, मी मार्गदर्शक झालो आणि सामान सांभाळायला मामा आले.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. लातूरला पोचून मुलं कामाला लागली. साडेदहाच्या सुमाराला अंकिताने होकाराच्या शब्दांची यादी मला दाखवली. हो, होय, घेतली, हाव. मी ‘हाव’वर बोट ठेवलं.

“हे काढ. हाव म्हणजे लोभ. परीक्षक पुण्याचे आहेत, हसतील.”

“पण सर, आमच्या घरी सगळे...”

“घरी ठीक आहे गं.”

मी मूळचा धर्माबादचा. शिकायला पुण्याला गेलो तेव्हा खोलीतल्या पोरांनी माझ्या ‘हाव’ला इतकं हसून घेतलं की दोन महिन्यांत मी तो शब्द टाकून दिला आणि ‘हो’ म्हणायला शिकलो. त्या दिवशी तेच मी अंकिताला करायला लावलं. तिने शब्द खोडला.

अकराला पाच मिनिटं कमी होती. मामा आमच्यासाठी चहा आणायला गेले होते. अंकिताचे डोळे चमकले. “सर, आज अक्कांना आपली मशीन फोन करील. मामा येईपर्यंत उत्तर पडद्यावर!” अक्कांचा नंबर तिच्याकडे होताच. मी मान डोलावली. मामांना विचारावं, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

मामा चहाचा थर्मास घेऊन आले तेव्हा पडद्यावर नोंद उमटली होती. “उत्तर: हाव. निष्कर्ष: गोळी घेतलेली नाही. सूचना दिली: कृपया आपली गोळी आत्ता घ्या.” तेच आणखी दोनदा. मशीनने तीनदा विचारलं होतं, अक्कांनी तीनदा ‘हाव’ म्हटलं होतं, आणि मशीनने त्यांना तीनदा गोळी घ्यायला सांगितलं होतं.

मामांनी ते सावकाश वाचलं. थर्मास खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मशीनमधल्या गोड आवाजाच्या शिकलेल्या बाईने तीनदा सांगितलं तर ती म्हातारी घेईलच की गोळी! मामांनी दुकानदाराला फोन लावला. “जल्दी जा रं, अक्काला बघ. डबी बघ,” एवढंच म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. हातातल्या फोनला ते उलटा हात लावून बघत होते. मुलं भोवती उभी होती. अंकिता रडत होती.

“हाव कसं काय समजलं न्हाई त्याला?” मामांनी तिला विचारलं. आवाजात राग नव्हता. “रोज तर तेच म्हनती ती.”

अंकिताने माझ्याकडे पाहिलंही नाही. पोरगी गुणाची. मीच म्हणालो, “मामा, मी काढायला लावलं.”

“का बरं, सर?”

“परीक्षक पुण्याचे...” मी पुटपुटलो.

“तुमी धर्माबादचे ना?” मामा म्हणाले, आणि पुन्हा फोनकडे बघू लागले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. दुकानदाराच्या आवाजाला धाप लागली होती. “मामा, अक्का गोठ्यात हायत. शेळीला पाला टाकून राहिल्यात. फोन घरातच ठिवला व्हता.”

“डबी बघितली का?”

“हातातच हाय. शनवारचा खण रिकामा.”

“अन् ऐतवारचा?”

“त्यात गोळी हाय.”

“हात लावून बघ.”

“हाव मामा, हाय. हात लावून सांगून राहिलो.”

मामांनी डोळे मिटले. मला तर रडूच कोसळलं. सरांनी विद्यार्थ्यांसमोर रडू नये वगैरे सगळं मला ठाऊक आहे, पण इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

“सर, आता काय झालं?” मामा म्हणाले. “हाय की गोळी. चहा घ्या, गार हून राहिला.”

चहा पिऊन मुलं पुन्हा बसली. शब्दांची यादी आता मामांनी सांगितली. हाव, व्हय, घेतली की, मघाच घेतली. अंकिताने मशीनचं ‘गोळी घ्या’ हे वाक्य मुळातूनच काढून टाकलं. उत्तर कळलं नाही तर मशीनने काहीही सांगायचं नाही, गप घरच्या माणसाला फोन लावायचा. या नियमाला तिने नाव दिलं, ‘आधी इचारा’.

दुपारी अंकिताने परीक्षकांना सगळं सांगितलं, सकाळची चूकसुद्धा. एका परीक्षकांनी विचारलं, “हाव? म्हणजे नेमकं काय?”

मी उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा उभे राहिले. “हाव म्हंजे हो, सायेब. आमच्याकडं लई लोक असंच म्हंत्यात.”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं कुणाला मिळालं, ते आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही कॉलेजची जीप लोह्याहून आत वळवली. अक्का ओसरीवर बसल्या होत्या, धडधाकट. मामांनी आधी डबी उघडून रविवारची गोळी स्वतः बघितली, मग बहिणीच्या पाया पडले. अक्कांनी आमच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि विचारलं, “ती बाई न्हाई का आली तुमच्यासंगं? लई ग्वाड बोलती बगा. पन एकच गोष्ट तीनदा इचारती. बहिरी हाय का?”

“तुम्ही तिचं ऐकून गोळी का नाही घेतली?” अंकिताने भीत भीत विचारलं.

“कशाला घेऊ? माझा भाऊ एकदाच घे म्हनतो.”

मामा पुढच्याच वर्षी निवृत्त झाले आणि अक्कांकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी नव्या माणसाला किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं आणि एकेका पडद्याला उलटा हात लावून आले. आता खिडकीपाशी अकराला कुणी नसतं. तास चालू असतो, तरी माझं लक्ष तिकडे जातंच.

मध्यंतरी मलाही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ही बातमी लोह्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी अकराला भर तासात माझा फोन वाजला.

“सर, गोळी घेतली का?”

समोर साठ मुलं बसली होती. मी खिडकीपाशी गेलो आणि आवाज लोह्याला पोचेल इतक्या मोठ्याने म्हणालो, “हाव, मामा!”