आप्पांच्या गाडीचं दार लागत नाही

नाशिक रोडकरांनो, गाडीची खचलेली बॉडी सरळ करणारं कुणी माहीत आहे का? खरंच हात टेकलेत.

माझ्या वडिलांना, आप्पांना, आता माणसं ओळखू येत नाहीत. स्वतःची जुनी गाडी मात्र ओळखतात. रिक्षा पाहिली की ओरडतात, दवाखान्यात जायला फक्त हिच्यातच बसतात.

दारांखालचा पत्रा गंजून गळायला लागला होता. उद्या दवाखाना म्हणून आज घाईघाईत वेल्डरकडून दोन्ही बाजूंचा पत्रा एकदम कापून घेतला. गाडीचा भार त्याच्यावरच होता, खाली टेकू दिला नव्हता. गाडी मधोमध खचली आणि नवा पत्रा तसाच वेल्ड झाला. आता एकही दार लागत नाही.

आप्पा आत्ताच आत जाऊन बसलेत. दार दोन्ही हातांनी ओढून धरलंय.

मला म्हणाले, "मी धरतो ना. तुम्ही चालवा, भाऊ."