पर्यटक जावई

सरकारी कागदांनुसार माझा नवरा जूनपासून डिसेंबरपर्यंत नाशिकमध्ये पर्यटन करत होता. या काळात त्याने पाहिलेली स्थळं म्हणजे जेल रोडवरचं झेरॉक्सचं दुकान, नोटरीचं टेबल, विवाह नोंदणीच्या कार्यालयाबाहेरचं बाकडं आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात ते मेडिकल. पांडवलेणी त्याने अजून पाहिलेली नाहीत.

तो मॉरिशसचा. त्याचे पूर्वज कोकणातून बोटीने तिकडे गेले, आणि आडनाव, गणपती, भजनं असं जे जमलं ते सोबत घेऊन गेले. तो तिथल्या शाळेत मराठी शिकवतो. मुलांसाठी जुनी बडबडगीतं हवी होती म्हणून त्याने आमच्या वाचनालयाला पत्र लिहिलं. उत्तरं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. पुढे ती पत्रं पुस्तकांपुरती उरली नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

आईला तो फोनवरच आवडला होता. "व्याकरण शुद्ध आहे, माणूसही असेल," असं ती म्हणाली. वैशाखातलं लग्न ठरलं. फाल्गुनात आई गेली.

तेराव्याला चांदवडची आत्या बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "दादा, वरसाच्या आत उरकून घ्या. नायतर तीन वरसं थांबावं लागंल. पोरीचं वय थांबनार हाय का?" आमच्याकडे हा रिवाजच आहे. बाबांनी मान हलवली, पण अटी घातल्या. पत्रिका नको, मांडव नको, वाजंत्री नको, गोडधोड नको, कुणाला बोलावणं नको. फोटो तर नकोच. "तिच्याशिवायचा फोटो मला घरात नको," असं ते म्हणाले.

जूनमध्ये तो पर्यटक व्हिसावर आला, कारण लवकर मिळणारा तेवढाच होता. आमच्या बाहेरच्या खोलीत, आईच्या तसबिरीसमोर, गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. शेजारी आवाज जाऊ नये इतक्या हळू म्हटली. माळा घातल्या, वरणभात खाल्ला, आणि आत्या संध्याकाळच्या एसटीने परत गेली.

इथून पुढे माझी चिडचिड सुरू होते.

तसा नियम माणुसकीचा आहे, हे आधीच सांगते. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाचं इथल्या नागरिकाशी लग्न झालं, तर त्याला परत न जाता इथूनच जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मूळचा भारतीय म्हणून मिळणारं कार्ड हा दुसरा रस्ता होता, पण त्यासाठी पणजोबांच्या बोटीपर्यंत कागद शोधत जावं लागलं असतं. बिनपगारी रजा काढून तो आला होता. इथे राहणं आम्हाला का हवं होतं, तर बाबांमुळे. आई गेल्यावर बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर यंत्रांच्या आवाजात नोकरी केलेला माणूस, घरातल्या शांततेत अगदी बुडून गेला होता. मी वाचनालयातून परत येईपर्यंत ते त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून बसलेले असत. हा आला आणि रोज सकाळी पिशवी घेऊन त्यांना भाजीबाजारात न्यायला लागला. तिथे बाबा त्याला चाकवत आणि चंदनबटवा यांतला फरक शिकवत. घरी येऊन तो वहीत काही लिहीत नसे, फक्त दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकत असे. बाबा पुन्हा शिकवत. तो गेला असता तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत गेले असते. आणि बाबांना सोडून मला मॉरिशसला जाता आलं नसतं.

व्हिसासाठी आधी लग्नाची नोंदणी हवी. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या.

"पत्रिका?"

"छापली नाही."

"हॉलची पावती?"

"घरीच झालं."

"फोटो?"

"काढला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मग लग्न झालं कशावरून?"

मी सांगितलं की वर्षाच्या आतलं लग्न आहे, आई नुकतीच गेली.

"अरेरे," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "मग मृत्यूचा दाखला आणलाय का?"

तो माझ्या पर्समध्ये होताच. त्या दिवसांत बँक, पेन्शन, गॅस, सगळीकडे तोच लागत होता. अशा रीतीने माझ्या लग्नाच्या फाईलमध्ये पहिला कागद आईच्या मृत्यूचा लागला.

"आणि ह्यांचं आधार कार्ड?"

"ते परदेशी नागरिक आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं. "आडनाव तर आपलंच आहे."

"महोदया," तो त्याच्या शाळेतल्या मराठीत म्हणाला, "माझे पणजोबा जहाजाने गेले."

"मग परत कधी आले?"

"मी आलो. जूनमध्ये."

मागच्या रांगेतला एक जण हसला. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, गुरुजींची सही, पुन्हा गुरुजींची सही, कारण पहिली चौकटीबाहेर गेली होती, असं करत करत श्रावण संपता संपता दाखला मिळाला. मग व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला. तिथे लग्नाचा फोटो हवाच होता. आत्याने बाबांची नजर चुकवून मोबाईलवर एक काढला होता, तो मागवला. त्यात गुरुजींची पाठ होती, अंतरपाटाचं टोक होतं आणि कुणाचा तरी हात. तो मी जोडला. दोन्ही चेहरे स्पष्ट दिसत नाहीत, असं उत्तर आलं. आत्याला कळवलं तर ती म्हणाली, "हात तुझाच हाय की. बांगड्या वळखू येत्यात. त्यास्नी म्हनावं नीट बघा."

मग घरी पोलीस चौकशी होणार होती. खरोखरच नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात का, हे पाहायला. हवालदार आले तेव्हा मी कामावर होते आणि हे दोघे बाजारात. घराला कुलूप. म्हणून त्यांनी समोरच्या काकूंचं दार वाजवलं.

काकूंचे यजमान आणि बाबा एकाच पाळीत कामाला होते. आई आणि काकूंनी तीस वर्षं उन्हाळी कांदा एकत्र भरला, पापड एकत्र लाटले, भांडल्याही एकत्रच. जूनपासून मात्र काकू आमच्याशी मोजकं बोलत. मी जिन्यात भेटले की विचारत, "तुमचे पाहुणे अजून आहेत वाटतं?" मी हसून वर जात असे.

दुसऱ्या दिवशी हवालदारांचा फोन आला. "मॅडम, समोरच्या बाई म्हणतात असं काही लग्न झालेलं नाही. तसं लिहावं लागेल मला."

मी काकूंकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या, आणि सोलतच राहिल्या.

"काकू, असं का सांगितलंत?"

"मग पोलिसाला खोटं सांगू? मांडव बघितला मी? अक्षता टाकल्या? ह्या दारात एक पेढा तरी आला?"

"घरात दुखवटा होता, काकू."

"दुखवटा काय तुमच्या एकट्याच्या घरात होता?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मी परत आले. आपला शोक आपण किती नीट पाळला याचं मला तोवर समाधान वाटत होतं.

अहवाल गेला. शेजाऱ्यांना विवाहाबाबत माहिती नाही, खुलासा करावा, फेरचौकशी होईल. फेरचौकशी कधी, ते कुणी सांगेना. मी फोन करत राहिले. ज्यांच्याकडे फाईल होती ते रजेवर होते, आणि जे रजेवर नव्हते त्यांच्याकडे फाईल नव्हती. पर्यटकाची मुदत डिसेंबरात संपत होती. तोवर काही झालं नाही तर त्याला परत जाऊन तिकडून पहिल्यापासून अर्ज करावा लागणार होता. जेवताना मी हे सांगितलं.

"म्हणजे हा जाणार?" बाबांनी विचारलं.

"बघू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेले नाहीत. पिशवी खुंटीवरच होती. त्याने एकट्याने जाऊन चाकवत आणला, तोही बरोबर ओळखून, पण बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दिवाळी आली. आमच्याकडे आकाशकंदील नव्हता, तळण नव्हतं. दुखवट्याच्या घरी शेजारपाजारचे फराळ देतात, तशी ताटं येत होती. काकूंचं ताट आलं, ते घेऊन त्या स्वतः आल्या. जूनपासून पहिल्यांदाच त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. आईच्या तसबिरीसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या नवऱ्याकडे पाहून मला म्हणाल्या, "ह्यांचा दिवाळसण?"

"ह्या वर्षी कसा करणार, काकू? वर्ष झालं नाही."

"तुमचं झालं नाही. माझ्या घरात सूतक नाही. पाडव्याला सकाळी जावयाला घेऊन ये." दाराशी जाऊन त्या वळल्या. "आणि भाऊजी, तुम्हीही या. खुर्ची कुठे जात नाही."

पाडव्याला काकूंकडे पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. काकूंनी त्याला उटणं लावलं, ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली.

"ही आत्ताच घालायची का?" त्याने विचारलं.

"घाला. नाहीतर पर्यटक दिसाल." हे त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. उखाणा घ्यायला लावला तर वर्गातल्या मुलांकडून उखाणे पाठ करून घेणारा हा माणूस शेवटची ओळ विसरला. काकूंची सून मोबाईल घेऊन फोटो काढायला सरसावली, तेव्हा बाबा उठून दाराकडे निघाले.

"थांबा भाऊजी," काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि भिंतीवरची एक तसबीर काढून घेऊन आल्या. सप्तशृंगी गडावर काढलेला फोटो. काकू आणि आई, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघी उन्हाने डोळे बारीक केलेल्या. काकूंनी ती छातीशी धरली. "तिच्याशिवाय नको ना? घ्या. आता बसा."

बाबा बसले.

हवालदारांना काकूंनीच फोन करून बोलावलं. ते दुपारी आले, चिवडा खाल्ला. "लिहा," काकू म्हणाल्या. "जावई आहे ह्या घरचा. मी ओवाळलाय. आणि आधीचं खोडा."

"खोडता येत नाही, ताई. पुरवणी जबाब होतो."

"मग पुरवणी लिहा. पण मोठ्या अक्षरात."

पाडव्याचा तो फोटो मी अर्जाला जोडला. चेहरे सगळे स्पष्ट होते. आठवडाभराने शंका आली: छायाचित्रातील सर्व व्यक्तींची ओळख, नाते व सध्याचा पत्ता कळवावा. चौकटीतील महिलांसह.

मी संगणकापुढे बसले. नवरा, मी, वडील, शेजारी हे भरून झालं. मग आईचं नाव लिहिलं. नाते: वधूची आई. पुढे सध्याचा पत्ता. तो रकाना रिकामा सोडला तर पान पुढे जाईना. हयात नाही, असं लिहिलं. तेही घेईना, पिनकोड मागत राहिलं. बाबा मागे येऊन उभे होते, ते कधी आले मला कळलं नाही.

"आपला लिही," ते म्हणाले.

मी आमच्या घराचा पत्ता लिहिला. पान पुढे गेलं.

डिसेंबरात, मुदत संपायच्या जरा आधी, मंजुरीचा निरोप आला. त्यात कसलंही स्पष्टीकरण नव्हतं. काकूंना सांगायला गेले तर त्यांनी लगेच हात पुढे केला. "पेढे?"

"वर्ष झाल्यावर, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. "तोवर आहेत ना जावई? मग चालेल."

खाली जिन्यात बाबांचा आवाज येत होता. चाकवत आणि चंदनबटवा यांतला फरक ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते, जरा वैतागून.