कॉरिडॉरमधला कोट
बटाट्याच्या गरम चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं की स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीतली माझी एक मैत्रीण आठवते. दुपारी चिप्स तळायच्या दुकानात राबून ती थेट सेमिनारला यायची. एकदा ती बसताच शेजारच्या मुलानं नाक दाबत खिडकी उघडली आणि सगळे हसले. बाहेर गारठा होता. ती उठली, तळणीचा वास भरलेला कोट कॉरिडॉरमध्ये टांगून आली आणि तासभर कुडकुडत बसली. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "लक्ष नको देऊस. तू आमच्यात सगळ्यात हुशार आहेस." ती म्हणाली, "असेन गं, पण दमलेय." ईस्टरच्या सुट्टीनंतर ती परत आलीच नाही. परवा माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, स्कॉटलंडच्या मुलांना युनिव्हर्सिटीला फी नाय, मग कोणपण शिकू शकतो ना?" मी तिला त्या कॉरिडॉरमधल्या कोटाची गोष्ट सांगायला घेतली.